सोलापूरचे चार दिवस: मागावर, माळावर आणि तळ्याकाठी

मुलांना घेऊन चार दिवस सोलापूरला निघालोय म्हटल्यावर निम्म्या लोकांनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?" उरलेल्यांनी गृहीत धरलं की आम्ही अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणार. सोलापूर म्हणजे देवदर्शनाला जाताना उतरायचं स्टेशन, हा समज इतका पक्का आहे की खुद्द शहरात मुलांना दाखवण्यासारखं काही असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. सुट्टी लागली की पुण्यातली आमच्यासारखी घरं मॉल, गेम झोन आणि वॉटर पार्क यांच्यात फिरत राहतात. तिथं मुलांसाठी सगळं आधीच तयार करून ठेवलेलं असतं. आम्हाला या वेळी अशा जागा हव्या होत्या, जिथं मुलांसाठी मुद्दाम काहीच मांडलेलं नाही, जिथं माणसं आपापलं काम करत आहेत आणि ते काम जवळून बघता येतं.

ताई आणि दाजी सोलापुरात राहतात, त्यामुळे मुक्कामाची चिंता नव्हती. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात. दोघांशी एकच करार केला होता: रोज किमान एक गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघायची. नुसतं बघून परत यायचं नाही.

दिवस जानेवारीअखेरचे निवडले, प्रजासत्ताक दिनाला जोडून. मुलांसोबत सोलापूर बघायला याहून चांगला काळ नाही. ऊन सोसवतं, ज्वारी हुरड्यावर आलेली असते, तळ्यांवर परदेशी पाहुणे उतरलेले असतात आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, अजून उठलेला नसतो. एप्रिल-मे मध्ये मात्र इथं मुलांना आणू नये. सोलापूरचा उन्हाळा दुपारी कुणालाच घराबाहेर पडू देत नाही.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. दौंड गेल्यावर थोरलीने विचारलं, "गाडीचं नाव हुतात्मा का?" तिला म्हटलं, ज्यांच्यावरून हे नाव ठेवलंय त्यांचे पुतळे सोलापुरात आहेत, तुला तिथंच सांगतो. कुर्डूवाडीला धाकटा झोपला तो थेट ताईच्या घरी गादीवरच जागा झाला.

शुक्रवार

सकाळी दाजी म्हणाले, "आधी माग बघू. उरलेलं सोलापूर त्यातनंच कळतं." त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचा छोटा कारखाना आहे. तिथं तिकीट नाही, बोर्ड नाही, गाइड नाही. आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, एवढंच. सोलापुरात कुणाची ना कुणाची ओळख कारखान्यापर्यंत पोचतेच. ओळख नसेल तर चादरीच्या दुकानदारालाच विनंती करावी. मुलं सोबत असली की बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

आवाजाची कल्पना मुलांना आधीच दिली होती आणि धाकट्याच्या कानात कापसाचे बोळे घातले होते. तरी दार उघडल्यावर तो माझ्या पायाला चिकटला. ओळीने यंत्रमाग चालू, खट-खट-खट-खट, शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. पाच-सात मिनिटांत तो सरावला आणि मग त्याला तिथून हलवणं अवघड झालं. ओढणी, मफलर, मोकळे केस घेऊन मागाजवळ जायचं नाही, ही तिथली पहिली शिस्त. थोरलीच्या वेण्या आत्याने सकाळीच घट्ट बांधून दिल्या होत्या.

सोलापुरी चादर आपल्या प्रत्येकाच्या घरात असते, पण तिच्या दोन्ही बाजू आपण कधी नीट बघितलेल्या नसतात. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलटवल्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल मोर येतो. हे छापलेलं नसतं, विणतानाच होतं. कसं होतं ते कळायला मान वर करून मागाच्या डोक्यावर बघावं लागतं. तिथं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांबच लांब माळ फिरत असते. हे जॅकार्ड. आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे जातो, तेव्हा वरची एक पट्टी पुढे सरकते. पट्टीत जिथं भोक असेल तिथली सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. उचललेल्या धाग्यांखालून आडवा धागा जातो. असं एकेका पट्टीने, एकेका ओळीने मोर तयार होतो.

थोरली शाळेत कोडिंग शिकते. ती बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, भोक म्हणजे एक आणि भोक नाही म्हणजे शून्य." कारखान्याचे मालक ते ऐकून फार खूश झाले. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या पट्ट्यांची कल्पना इथूनच घेतली, हे मी तिला सांगितलं. कॉम्प्युटरच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं. इथं ती ओळ डोक्यावर खडखडत फिरत होती. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेत, नक्षी थेट कॉम्प्युटरवरून मागावर जाते. पण मुलांना दाखवायचं तर पुठ्ठ्याचं जॅकार्ड शोधून दाखवावं, कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं.

हाताने करण्याचं काम धाकट्याच्या वाट्याला आलं. धोट्यातली कांडी संपली की माग थांबवून नवी घालावी लागते आणि धागा तुटला तर गाठ मारावी लागते. मागावरच्या काकांनी ती गाठ एका हाताच्या दोन बोटांत मारून दाखवली. आम्हाला दिसलीच नाही. त्यांनी माग बंद ठेवून पुन्हा सावकाश दाखवलं: दोन टोकं एकमेकांवर आडवी, एकाचा वेढा अंगठ्याच्या नखावरून मागे, दुसरं टोक त्या वेढ्यात, आणि ओढ. इतकी बारीक गाठ की कापडावर बोट फिरवलं तरी लागत नाही. धाकट्याने सुताचा तुकडा मागून घेतला आणि पुढचे सगळे दिवस तो खिशात ठेवून गाठी मारत होता. शेवटी त्याला जमली. मला अजून जमत नाही.

शहरातल्या जुन्या सूतगिरण्यांची गोष्टही मालकांनी सांगितली. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. आता भोंगे गेले, गिरण्याही गेल्या, पण माग राहिले आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुपारी जेवून पूर्वभागात गेलो. मागावर काम करणारा पद्मशाली समाज मूळचा तेलंगणातला, त्यामुळे कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक या भागात कानावर मराठीइतकीच तेलुगू पडते. इथं मुलांना आम्ही एक खेळ दिला: दुकानांच्या पाट्यांवर, देवळांवर, भिंतींवर किती लिपी सापडतात ते शोधायचं. देवनागरी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी, पाचही सापडल्या. कन्नड आणि तेलुगू सारख्याच गोल दिसतात, मग ओळखायच्या कशा? ताई शाळेत शिकवते. तिने खूण सांगितली. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर बाई वहीत करतात तशी बरोबरची खूण असते. कन्नडच्या डोक्यावर आडवी, टोकाला वळलेली रेघ असते. एवढं कळल्यावर मुलं पाटीमागून पाटी ओरडून सांगू लागली. एका किराणा दुकानदाराने धाकट्याला जवळ बोलावून त्याचं नाव तेलुगूत लिहून दिलं. या खेळाला एक पैसा लागत नाही आणि मोठ्यांनाही शहर वेगळं दिसायला लागतं.

रात्री ताईकडे आलेखाच्या वहीचे कागद निघाले. एक चौकट म्हणजे एक धागा, रंगवलेली चौकट म्हणजे भोक. थोरलीने मोर काढायला घेतला आणि तो फार अवघड आहे हे कळल्यावर बदकावर आली. आमच्या घरात आता त्या बदकाचा कागद फ्रीजवर लावलाय.

शनिवार

पहाटे साडेपाचला निघालो. बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं. सोलापूरचे पक्षी-अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात इथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं, त्यानंतर हे रान राखलं गेलं. एका नागरिकाने बघितलं, नोंदी ठेवल्या, पाठपुरावा केला आणि अख्खा माळ वाचला, हे मुलांना आवर्जून सांगितलं.

माळढोकाबद्दल मात्र मुलांना आधीच स्पष्ट कल्पना द्यावी. तो दिसण्याची शक्यता आज जवळजवळ नाही. उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा सगळ्यात जडांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या माळावर जमिनीवरच, बहुतेक वेळा एकच अंडं घालते. गवताळ माळ नांगराखाली गेले, वर विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि जड शरीर झटकन वळत नाही. एवढं सांगितल्यावर थोरली गप्प झाली. मग तिने विचारलं, "तारा जमिनीखालून का नेत नाहीत?" देशात ज्या ठिकाणी माळढोक उरलेत तिथं याच प्रश्नावर कोर्टापर्यंत लढाई गेली आहे.

आम्हाला माळढोक दिसला नाही. काळवीट दिसले, आणि किती! सूर्य जेमतेम वर आला होता, गवत पिवळं, त्यावर दव. मनोऱ्यावरून आधी काहीच दिसेना. मग वनखात्याच्या कर्मचाऱ्याने हात केला त्या दिशेला नजर स्थिर केली, तर गवतातून एकेक पाठ वर येऊ लागली. पिळाची शिंगं असलेला काळा-पांढरा नर आणि त्याच्यामागे बदामी रंगाच्या, बिनशिंगाच्या माद्या. कळप कशाला तरी बिचकला आणि धावताना एकामागून एक उंच उड्या मारू लागला. धाकटा म्हणाला, "यांच्या पायाला स्प्रिंग आहे." दाजींनी त्याला सांगितलं, काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळू शकतो. गाडीतून येताना आमचा वेग तेवढाही नव्हता.

दोन गोष्टी इथं पाळाव्यात. कपडे मातकट रंगाचे घालावेत. आणि गाडीवाला कितीही म्हणाला तरी जनावरांच्या मागे गाडी घालू देऊ नये. मुलांना दुर्बीण द्यावी, फोन देऊ नये. फोनच्या पडद्यावर काळवीट ठिपक्याएवढा दिसतो आणि मुलं लगेच कंटाळतात. पहाटे माळावर वारं बोचतं, कानटोपी हवीच.

नऊ वाजता भूक लागली तेव्हा आम्ही दाजींच्या मित्राच्या शेतात होतो. नान्नज गाव द्राक्षांसाठीही नावाजलेलं. सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं याच गावच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणली. पण आमचं काम ज्वारीत होतं.

हुरडा पुण्याच्या आसपासही मिळतो. तिकीट काढून, झोपाळे आणि उंटस्वारीसकट. इथं तसलं काही नव्हतं. बांधाला एक खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्यांची आगटी आणि खाली बसायला पोतं. शेतमालकांच्या आईने मुलांना विचारलं, "काय करूलालाव रे पोरांनो, बसूनच खानार की काम करनार?" मग मुलांना घेऊन त्या ज्वारीच्या ताटांत शिरल्या. कणीस कोणतं तोडायचं हे त्यांनी शिकवलं: दाणा नखाने दाबायचा. पांढरं दूध निघालं तर अजून कोवळा, टणक लागला तर गेला. मधला, दाबल्यावर मऊसर फुटणारा, तो हुरडा. दाण्यातली साखर अजून पिठूळ झालेली नसते म्हणून तो गोड लागतो. आठ-दहा दिवस उशीर झाला की तीच ज्वारी भाकरीची होते.

कणसं निखाऱ्यात खुपसली, वरून राख सारली. बाहेर काढली की गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसकट उडवायचं. तळहात भाजतात, म्हणून मुलांना आजींनी गोणपाटाचा तुकडा दिला. धाकट्याने पहिल्यांदा फुंकर मारली आणि दाणेही उडाले. तिसऱ्या कणसाला त्याला हात बसला. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही, बोरं. मुलं पोटभर जेवली आणि जेवण आपण केलंय या खुशीत होती. शहरातल्या मुलांना अन्न पिकण्याची अशी एक नेमकी वेळ असते हे ठाऊकच नसतं, कारण दुकानात सगळं बारमाही असतं. इथं ती वेळ नखाखाली कळली.

परतताना संध्याकाळी तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर थांबलो. एकरुख तलाव हेच त्याचं दुसरं नाव, ब्रिटिश काळात १८७१ च्या सुमारास पुरा झालेला. कडेला राखाडी बदकांसारखे मोठे पक्षी चरत होते, डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकादंब. मध्य आशियातून, हिमालय ओलांडून येतात. मुलांनी माना वर करून आकाशाकडे बघितलं, जणू हिमालय तिथंच असावा. त्या दिवशी कुणाला झोपवावं लागलं नाही.

रविवार

हा दिवस शहराच्या मध्यात, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. सकाळी सिद्धेश्वर मंदिर. तळ्याच्या मध्यावर देऊळ, पलीकडे किल्ल्याचे बुरूज, पाण्यात दोन्हींची सावली. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन हे तळं खोदलं. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या काळातले ते शिवयोगी. त्यांची कन्नड वचनं आजही म्हटली जातात. दुष्काळी मुलखात पाणी साठवणं हीच पूजा मानणारा संत, असं ताईने मुलांना सांगितलं. मला ते फार नेमकं वाटलं.

संक्रांतीच्या दिवसांत इथली मोठी यात्रा भरते. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होम, शोभेचं दारूकाम. आम्ही पोचलो तेव्हा हे सगळं उरकलं होतं. पण दाजींच्या शेजारचा मुलगा नंदीध्वजाच्या सरावाला जातो. त्याने धाकट्याला उभं करून कमरेला पट्टा बांधला आणि एक उंच बांबू त्यात टेकवून सरळ पेलायला लावला. आधाराला स्वतः उभा. धाकटा दोन पावलं चालला, बांबू कलला, त्या मुलाने धरला. खरा ध्वज याच्या कितीतरी पट उंच आणि जड, आणि तो मानकरी हर्र बोला हर्रच्या गजरात शहरभर मिरवतात. पुढच्या वर्षी संक्रांतीलाच यायचं, हे धाकट्याने तिथंच ठरवून टाकलं.

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, भोवती खंदक. मुलांना किल्ला बघायला सांगितलं की ती पळत सुटतात. म्हणून त्यांना शत्रू व्हायला सांगितलं: तुम्हाला आत शिरायचंय, कुठून शिराल? मग ती दाराशी थांबली. वाट सरळ का नाही, वळून का जाते? जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोकं, बाहेरून लहान आणि आतून रुंद का? बुरुजावरून कुठला भाग दिसतो आणि कुठला नाही? तासभर हे चाललं. आतल्या तटात जुन्या देवळाचे अवशेष आहेत आणि बत्तीस खांबी नावाची वास्तूही. धाकट्याने खांब मोजून खात्री करून घेतली.

दुपारी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो आणि रेल्वेत दिलेला शब्द पाळला. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा सोलापूर इतकं पेटलं की काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. थोरलीने चारही नावं पाटीवरून मोठ्याने वाचली. येरवडा तिच्या रोजच्या बसच्या वाटेवर आहे. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे?" हो, आपल्याकडे.

तिथून भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक. त्यांचं जन्मघर इथलंच. १९१० चा जन्म. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेलं, त्यातले हे एक. तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. जुने फोटो मुलं फार वेळ बघत नाहीत, पण इथं थोरली बघत राहिली. फोटोतले डॉक्टर हसरे आहेत, तरुण आहेत, आणि ते परत आले नाहीत हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी होम मैदानावरचा गड्डा. पाळणे, खेळण्यांची दुकानं, लोखंडी तवे-कढया, मातीची भांडी, भजी, पेढे. प्रत्येकाला शंभर रुपये दिले आणि सांगितलं, काय घ्यायचं ते स्वतः विचारायचं, भाव स्वतः करायचा. धाकट्याने शिट्टी आणि भोवरा घेतला. थोरलीने आईसाठी लाकडी लाटणं घेतलं आणि वीस रुपये कमी करवून आणले. गर्दीत मुलांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी, आणि हरवलो तर कुठं भेटायचं ती जागा आल्याआल्या दाखवून ठेवावी.

सोमवार

सकाळी सोसायटीच्या झेंडावंदनाला उभे राहून लगेच निघालो. विजापूरच्या दिशेने साधारण चाळीस किलोमीटरवर हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना यांचा संगम, पलीकडचा काठ कर्नाटकचा. शहराबाहेरचं हे एकच ठिकाण आम्ही घेतलं आणि ते घेतलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर एक शिलालेख आहे, शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा. मराठीतल्या सगळ्यात जुन्या ज्ञात लेखांमध्ये त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या शेवटी लिहिलंय: "वाछि तो विजेया होईवा." जो वाचील तो विजयी होईल. मुलांना मी हे आधी सांगितलं नाही. टॉर्च दिली आणि म्हटलं, ओळखीचं अक्षर शोधा. टॉर्च समोरून मारली तर काही दिसत नाही, बाजूने तिरकी मारली की कोरलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षरं उठून येतात. ही युक्ती थोरलीला स्वतःच सापडली. दोघांनी मिळून चार-पाच अक्षरं लावली. मग मी ओळ वाचून दाखवली. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्याला उद्देशून लिहिलंय आणि ते आपल्याला कळतंय, हे लक्षात आल्यावर दोघांचे चेहरे बघण्यासारखे होते. धाकट्याने लगेच विचारलं, "मी तीनच अक्षरं वाचली, मी पण विजयी का?" त्याला हो म्हटलं.

शेजारचं हरिहरेश्वर मंदिर मातीखाली गाडलं गेलं होतं. उत्खननात ते वर आलं आणि त्यासोबत एक अजब शिवलिंग निघालं, ज्याच्या अंगावर ओळींनी ३५९ मुखं कोरलेली आहेत. एकूण मोजायचा नाद सोडून आम्ही वेगळा खेळ केला: प्रत्येकाने आपल्याला आवडलेला एक चेहरा निवडायचा, वहीत काढायचा आणि बाकीच्यांनी तो लिंगावर शोधायचा. यात पाऊण तास गेला. ताईने काढलेला चेहरा कुणालाच सापडला नाही. दगडाला हात लावू दिला नाही, एवढा नियम होता. संगमावर पाणी उथळ दिसलं तरी तळाला गाळ आहे. मुलांना काठावरच ठेवलं.

दुपारी घरी येऊन शेवटचं काम, भाकरी. कडक भाकरी ही सोलापूरची शिदोरी. पातळ थापलेली, भाजून मग विस्तवाच्या धगीला उभी करून वाळवलेली, दिवसचे दिवस टिकणारी. ताईच्या ओळखीच्या मावशी बचत गटातर्फे विकायला करतात. त्यांच्या अंगणातल्या चुलीपाशी मुलं बसली. गरम पाण्यात पीठ मळायचं, कारण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायचं, कडा फाटायला लागली की बोटाने सांधायची, आणि ती दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकायची. मावशींचं म्हणणं, मनगट सैल ठेव, भाकरी आपोआप फिरते. थोरलीची भाकरी भारताच्या नकाशासारखी झाली, पण तव्यावर टम्म फुगली. मावशींनी तीच तिला बांधून दिली. धाकट्याने उखळात शेंगाचटणी कुटली, दाण्यांना तेल सुटेपर्यंत. त्याला वाटलं होतं आपण तेल ओततो.

संध्याकाळी चाटी गल्लीत चादर घेतली. दुकानदाराने ढीग मांडला. मुलांनी रंग बघितला नाही, प्रत्येक चादर उलटवून मागची बाजू तपासली आणि गाठी कुठं आहेत ते बोटाने चाचपलं. दुकानदार दाजींना म्हणाला, "ही पोरं कारखान्यातली दिसतात." मोराची घेतली, लाल-पांढरी.

कुणाला जायचं असेल तर: माग सुट्टीच्या दिवशी बंद असतात, म्हणून ते कामाच्या दिवशी आधी उरकावं. नान्नजला सूर्योदयाच्या आत पोचावं. हुरडा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळतो. हत्तरसंगला जेवण सोबत न्यावं आणि टॉर्च विसरू नये. केगावचं विज्ञान केंद्र आमचं राहिलं. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलावही. दोन्हींची नावं थोरलीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत, नंदीध्वजाच्या खाली.